आधी चाचणीच्या रुळावर

लातूरला पहिली रेल्वे पोचली १९११ मध्ये. ती होती बार्शी लाइट रेल्वे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढे चौदा वर्षांनी हीच छोटी गाडी निजामाच्या राज्यातल्या लातूरपर्यंत आली. २००८ पर्यंत या मार्गाचं ब्रॉडगेज झालं आणि ती इतिहासजमा झाली. तिची गोष्ट आजही लातूरची जुनीजाणती माणसं सांगतात, पण त्या गोष्टीतला एक भाग सहसा कोणी सांगत नाही.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या ज्या इंग्रज इंजिनिअरनं ही रेल्वे उभी केली, त्याचं म्हणणं असं होतं की अरुंद रुळांवरही भरपूर माल नेता येतो. फक्त गाडीच्या प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. लोकांचा यावर विश्वास बसत नव्हता. तेव्हा डबे बोटीत चढवण्याआधी इंग्लंडमध्येच, लीड्स शहराजवळच्या न्यूले इथे, एक चाचणीचा मार्ग टाकला गेला आणि त्यावर गाडी चालवून दाखवली गेली. काही मोडायचं असेल, तर ते तिथेच मोडू दे. सोलापूर जिल्ह्याच्या माळरानात मोडलं, तर दुरुस्तीचा सुटा भाग यायलाच काही महिने लागले असते.

आज मी ज्या गोष्टीबद्दल लिहिणार आहे, ती रेल्वेची नाही, संगणकाची आहे. पण तिचा गाभा हाच आहे. खरी वस्तू खऱ्या जागी नेण्याआधी ती एका बनावट जागेत चालवून बघायची. संगणकाच्या जगात त्या बनावट जागेला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. त्यात एखादी मोफत, खुली ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप उतरवून घ्यायची, आपोआप बसवायची, आपोआप तपासायची आणि कामाची नसेल तर पुसून टाकायची. हे सगळं माणूस झोपलेला असताना करता येतं. इथवर यायला जवळपास साठ वर्षं लागली आणि या प्रवासात आपला मराठवाडा बहुतेक वेळा प्रेक्षकांत बसलेला होता.

संगणकाच्या पोटातला संगणक

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्याला स्वतःची रॅम असते, डिस्क असते, पडदा असतो. पण या सगळ्या वस्तू सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या असतात. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र आपण खऱ्याच मशीनवर चाललो आहोत असं वाटतं. तिची ‘डिस्क’ म्हणजे बाहेरच्या संगणकातली एक साधी फाइल. फाइल खोडली की आतला अख्खा संगणक गेला.

ही कल्पना मोबाइलपेक्षाच काय, पर्सनल कॉम्प्युटरपेक्षाही जुनी आहे. १९६७ मध्ये आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची व्यवस्था चालवायला घेतली. एका मोठ्या मशीनचे अनेक बनावट तुकडे करायचे आणि प्रत्येक माणसाला जणू स्वतंत्र मशीन द्यायचं, असा तो खटाटोप होता. पुढच्या पिढीचं सिस्टिम/३७० हे मशीन यायचं होतं, तेव्हा तर आयबीएमच्या लोकांनी आणखी एक मजल मारली. मशीन अजून हातात आलेलं नसताना त्यांनी जुन्या मशीनच्या पोटात त्याची नक्कल उभी केली आणि नव्या मशीनसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम त्या नकलेवर तपासायला सुरुवात केली. यातून घडलेलं व्हीएम/३७० ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर झालं.

म्हणजे व्हर्च्युअल मशीन आणि ऑपरेटिंग सिस्टिमची चाचणी यांची गाठ अगदी सुरुवातीपासूनची आहे. फक्त ही चैन खोलीभर मशीन विकत घेणाऱ्यांनाच परवडायची. तुमच्या-आमच्या टेबलावर ती यायला १९९९ उजाडलं. त्या वर्षी व्हीएमवेअर कंपनीनं साध्या पीसीवर चालणारं सॉफ्टवेअर विकायला काढलं. २००३ मध्ये फॅब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं क्यूईएमयू लिहिलं, तेही मोफत आणि खुलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच या कामासाठी खास सोय केली. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम हा भाग थेट लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. त्यानंतर कोणत्याही बऱ्या पीसीवर एक पैसाही न देता दुसरा संगणक उभा करता येऊ लागला.

अठ्ठावीस तासांची सीडी

चाचणीसाठी बनावट मशीन मिळालं. पण त्यात बसवायचं काय, आणि ते आणायचं कुठून?

लिनस टोरवाल्ड्सनं आपल्या नव्या ‘छंदा’ची घोषणा २५ ऑगस्ट १९९१ रोजी केली. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन आले. लिनक्सचा गाभा एकच असला तरी त्याभोवती वेगवेगळी सॉफ्टवेअर गोळा करून कोणीही आपली ‘डिस्ट्रो’ बनवू शकतो. पंढरीच्या दिंड्या गावोगावच्या असतात, विठोबा एकच असतो, तसं समजा. आज अशा शेकडो डिस्ट्रो आहेत.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही महानगरांत. पुढे नांदेड-लातूरसारख्या शहरांत ते आलं तेव्हा फोनच्या तारेवरून आलं. मोडेम ५६ केबीपीएसचा आहे आणि तो पूर्ण वेगानं चालतो आहे असं धरलं, तरी ७०० एमबीची एक सीडी उतरवायला साधारण २८ तास लागतात. प्रत्यक्षात मोडेम कधीच पूर्ण वेगानं चालत नसे. मध्येच घरी कोणाचा फोन यायचा, लाइट जायची, आणि बिल वेगळंच. त्यामुळे लिनक्स ‘डाउनलोड करणं’ हा आपल्याकडे व्यवहारातला पर्यायच नव्हता. ते यायचं मासिकांबरोबरच्या सीडीतून. ‘पीसीक्वेस्ट’नं १९९० च्या दशकात लिनक्सच्या सीडी वाटून देशभरात कितीतरी जणांची या प्रणालीशी पहिली ओळख करून दिली.

त्यानंतरची सोय टपालाची. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली आणि तिच्या मागच्या कॅनॉनिकल कंपनीनं जगभर फुकट सीडी पाठवायला सुरुवात केली. नाव-पत्ता भरायचा आणि काही आठवडे पोस्टमनची वाट बघायची. ही योजना २०११ मध्ये बंद झाली.

तिकडे ज्यांच्याकडे इंटरनेट होतं पण भरवशाचं नव्हतं, अशा लोकांनीच आपोआप डाउनलोडची हत्यारं घडवली. क्रोएशियाच्या ह्रवोये निकशिचनं १९९६ मध्ये डब्ल्यूगेट लिहिलं. तार तुटली तर ते पुन्हा जोडून घेतं आणि फाइल जिथे थांबली होती तिथूनच पुढे उतरवायला लागतं. त्याच वर्षी अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी आरसिंक आणलं. जुन्या आणि नव्या फाइलमध्ये जेवढा फरक असेल, तेवढाच ते मागवतं. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनचं बिटटोरंट आलं. आपण त्याची आठवण सिनेमांमुळे काढतो, पण लिनक्सच्या मोठमोठ्या फाइली वाटायला ते फार सोयीचं ठरलं आणि आजही वापरलं जातं.

आज उबुंटूची डेस्कटॉप फाइल पाच-सहा जीबीची असते. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलाचा चार दिवसांचा डेटा त्यातच संपतो. म्हणजे तार गेली, वेग आला, पण हिशेब सुटला नाही. म्हणून एकदाच उतरवणं, अर्धवट राहिलं तर तिथून पुढे उतरवणं आणि एकाच प्रतीवरून पूर्ण लॅबचं काम भागवणं या जुन्या सवयी आपल्याकडे अजून मोलाच्या आहेत.

फाइल आली, पण ती खरी आहे का?

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लोकप्रिय डिस्ट्रोच्या वेबसाइटमध्ये कोणीतरी घुसलं. मिंट १७.३ ची सिनॅमन आवृत्ती डाउनलोड करण्याचा दुवा त्यांनी बदलला. त्या दिवशी, २० फेब्रुवारीला, तिथून फाइल उतरवलेल्यांना मिंटच मिळालं, फक्त त्यात एक चोरदरवाजा बसवलेला होता. दिसायला सगळं जिथल्या तिथे.

हे ओळखायचा उपाय तेव्हाही होता. प्रत्येक फाइलचा गणितानं एक ठसा काढता येतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हा ठसा पूर्ण बदलतो. बनवणारे हा ठसा जाहीर करतात आणि त्यावर आपली डिजिटल सही करतात. आपण उतरवलेल्या फाइलचा ठसा काढायचा आणि जाहीर ठशाशी ताडून बघायचा. बाजारात सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो, त्यातलाच प्रकार. पण सहीची पडताळणी करायलाच हवी. साइटच ताब्यात गेली असेल, तर चोर तिथला जाहीर ठसाही बदलू शकतो.

अडचण एवढीच की माणूस कंटाळतो. चौसष्ट अक्षरांची ओळ डोळ्यांनी कोण ताडणार? बहुतेक जण पहिली चार आणि शेवटची चार बघून पुढे जातात. यंत्र कंटाळत नाही. म्हणून हे काम आपोआप होणं ही चैन नाही, ती सुरक्षेची बाब आहे. मार्टिन विम्प्रेस या ब्रिटिश प्रोग्रॅमरनं सुरू केलेलं क्विकइम्यू हे याचं हाताशी असलेलं उदाहरण. त्याच्या एका आज्ञेनं हवी ती डिस्ट्रो अधिकृत जागेवरून उतरते आणि तिच्यासाठी व्हर्च्युअल मशीनचा आराखडा तयार होतो. दुसऱ्या आज्ञेनं ते मशीन सुरू होतं. आतून काम करतं ते क्यूईएमयू आणि केव्हीएमच.

पडदा बघणारं यंत्र

उतरवणं आणि सुरू करणं झालं. पण चाचणी म्हणजे काय? कोणीतरी समोर बसून ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य’ अशी बटणं दाबायची आणि सगळं नीट दिसतंय का ते बघायचं. एका डिस्ट्रोसाठी हे जमेल. रोज नवी आवृत्ती निघत असेल तर?

पहिला तोडगा निघाला तो बटणं दाबण्यावर. रेड हॅटच्या किकस्टार्टमध्ये आणि डेबियनच्या प्रीसीडमध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवता येतात. भाषा कोणती, डिस्क कशी वाटायची, पासवर्ड काय, हे सगळं तिथून वाचून यंत्र स्वतःच सिस्टिम बसवतं.

दुसरा तोडगा ‘बघण्यावर’ निघाला. २०१० च्या सुमारास ओपनसुसे या जर्मनीतून आलेल्या डिस्ट्रोच्या वर्तुळात ओपनक्यूए घडू लागलं. हे व्हर्च्युअल मशीन सुरू करतं, त्याच्या पडद्याचे फोटो काढत राहतं आणि ते फोटो आधी साठवलेल्या नमुन्याशी ताडतं. या नमुन्यांना तिथे ‘सुई’ म्हणतात, गवताच्या गंजीत शोधायची असते ती सुई. ‘लॉग-इनची चौकट इथे दिसायला हवी’ ही एक सुई. दिसली तर कळफलकावरची अक्षरं यंत्रच टाइप करतं आणि पुढे जातं. नाही दिसली तर चाचणी नापास, आणि फोटो पुराव्याला. ओपनसुसेची टंबलवीड ही सतत बदलणारी आवृत्ती या चाळणीतून पार पडल्याशिवाय लोकांच्या हाती दिली जात नाही. पुढे फेडोरानंही हेच हत्यार उचललं.

पुण्यापर्यंत आलेली गाडी

या कथेत महाराष्ट्र कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. तो आहे, पण बराचसा पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात.

संगणकावर मराठी दिसायला लागणारे खुले फॉन्ट घ्या. ‘लोहित’ ही फॉन्टमालिका पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवली आणि रेड हॅटनं २००४ मध्ये ती खुली केली. फेडोराच्या मंडळींचा आंतरराष्ट्रीय मेळावा, फुडकॉन, पुण्यात दोनदा भरला: नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये एमआयटीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय डिस्ट्रो आणली. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावच्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांच्यावर फेडोरावर बेतलेली सिस्टिम होती. ती मुलांच्या हाती पडण्याआधी जगभरचे प्रोग्रॅमर तिची प्रतिमा क्यूईएमयूत चालवून बघत असत, कारण सगळ्यांकडे खरा लॅपटॉप नव्हताच.

मराठवाड्यात काय होतं? नांदेडला विष्णुपुरीची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं. लातूर तर शिकवण्यांचं आणि निकालांचं शहर. संगणक शिकणारी मुलं इथे कमी नव्हती. २००१ नंतर एमएस-सीआयटीनं तालुक्या-तालुक्यांतल्या मुलांचा हात माउसवर ठेवला, हे त्या अभ्यासक्रमाचं श्रेय कोणीही नाकारू नये. पण त्या मुलांनी जो पडदा पाहिला तो मुख्यतः विंडोजचा होता. ‘संगणक’ आणि ‘विंडोज’ हे शब्द एकाच अर्थानं डोक्यात बसले. केरळनं आपल्या सरकारी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवून घेतली. आपल्याकडे तसा निर्णय झाला नाही.

ऱ्या कोण बघणार?

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द वाचा. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी. फरक एका छोट्या आडव्या रफाराचा. तो हिंदीत लागत नाही, मराठीत त्यावाचून ‘वाऱ्यावर’ लिहिता येत नाही. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे यायलाच २००८ उजाडलं. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणंही हिंदीहून वेगळी आहेत, आणि ती दिसतील की नाही हे फॉन्ट आणि भाषेची सेटिंग यांवर ठरतं.

आता ओपनक्यूएसारखं यंत्र आठवा. ते पडदा नमुन्याशी ताडतं. पण नमुना कोण ठरवतं? माणूस. न्यूरेंबर्गच्या कोणा तंत्रज्ञाला ‘ऱ्या’ तुटलेला दिसला, तर तो तुटलेला आहे हे त्याला कळणार कसं? त्यानं तोच फोटो ‘बरोबर’ म्हणून साठवला, तर यंत्र पुढे रोज रात्री इमानेइतबारे तुटलेल्या मराठीला पास करत राहील. यंत्र चूक फार वेगानं पकडतं, पण काय चूक आहे हे त्याला आधी मराठी वाचणाऱ्यानं सांगावं लागतं.

हे काम करायला पुण्यात नोकरी लागत नाही. एक बरा पीसी, थोडा डेटा आणि शुद्ध मराठी वाचणारे डोळे पुरतात. विष्णुपुरीतल्या होस्टेलवर किंवा लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत हे तिन्ही मिळतील.

लाइट घालवून बघा

दुसरं कारण रोख पैशाचं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही चिप लागते. शाळा-कॉलेजांत, ग्रामपंचायतींत, झेरॉक्सच्या दुकानांत असलेले कितीतरी संगणक यात बसत नाहीत. ते चालू आहेत, पण सुरक्षेचे नवे अपडेट त्यांना मिळेनासे होतात. भंगारात द्यायचे की लिनक्स टाकून चालवायचे, हा प्रश्न आज एखाद्या मुख्याध्यापकासमोर खरोखरच आहे.

इथे चाचणीचा रूळ कामी येतो. समजा, शाळेत २ जीबी रॅमचे वीस पीसी आहेत. एका बऱ्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन बनवा आणि त्याला मुद्दाम २ जीबीच रॅम द्या. चार-पाच हलक्या डिस्ट्रो रात्रीतून एकामागून एक बसवा. सुरू व्हायला किती सेकंद लागले, ब्राउझर उघडल्यावर किती रॅम उरली, मराठी टाइप होतं का, हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टनं नोंदवून घ्या. सकाळी एक तक्ता हातात येईल.

आणि मराठवाड्यातली खास परीक्षा विसरू नका: लाइट जाणं. फाइल लिहिली जात असताना व्हर्च्युअल मशीन धाडकन बंद करा. पुन्हा सुरू करा. ते उठतं का, फाइल शाबूत आहे का, ते बघा. हे एका रात्रीत पन्नास वेळा करता येतं, तेही एकही हार्ड डिस्क न जाळता.

अर्थात बनावट मशीन सगळंच सांगत नाही. शाळेतला जुना प्रिंटर, वायफायचं कार्ड, धुळीनं तापणारा प्रोसेसर, खऱ्या डिस्कचे नखरे यांची परीक्षा खऱ्या मशीनवरच होते. लीड्सच्या रुळावर बालाघाटचा चढ नव्हता आणि मराठवाड्याचा मे महिनाही नव्हता. म्हणून शेवटी एका खऱ्या पीसीवर पेन ड्राइव्हनं चालवून बघायचं आणि मगच वीसच्या वीस मशीनना हात लावायचा.

हे वाचताना तुमच्या हातात बहुधा अँड्रॉइड फोन असेल. त्याचा गाभाही लिनक्सच. त्यावरची ॲप तपासायला प्रोग्रॅमर जो एम्युलेटर वापरतात, तो क्यूईएमयूवरच उभा आहे. २०२५ पासून गुगलच्या पिक्सेल फोनांत एक टर्मिनल ॲप मिळतं, जे फोनच्या पोटात व्हर्च्युअल मशीन उभं करून त्यात डेबियन चालवतं. १९६७ मध्ये ज्यासाठी खोलीभर यंत्र लागायचं, ते आता खिशात मावतं.

लातूरला रेल्वे पोचायला कुर्डुवाडी-बार्शीनंतर चौदा वर्षं लागली. तेव्हा रूळ कुठवर टाकायचा हे दुसरेच कोणी ठरवत होतं. व्हर्च्युअल मशीनसाठी कोणाची मंजुरी लागत नाही. पहिली रात्र एका डिस्ट्रोनं सुरू करा, आणि सकाळी उठल्यावर फोटोंमध्ये सगळ्यात आधी ‘ऱ्या’ नीट उमटलाय का ते बघा.